लातूरच्या गच्चीवरून आणि शेतातून आकाश बघायला कोणती बायनॉक्युलर? (चष्मा आहे, सोबत मुलगी पण बघणार)

औसारोड_गच्ची

नमस्कार मंडळी. आकाश बघायला पहिली बायनॉक्युलर घ्यायची आहे. टेलिस्कोप इतक्यात नको.

बजेट दहा हजारांच्या आसपास, ट्रायपॉडचे पैसे वेगळे. वय ४९. दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर −२.५, उजव्याला शिवाय सिलिंडर −१.२५. मुलगी सातवीत आहे, तीही बघणार. रोजची जागा म्हणजे शहरातली गच्ची, समोरच्या चौकात हायमास्ट. अमावास्येच्या आगेमागे औशाच्या पुढं शेतात जाता येतं, तिथं चांगला अंधार असतो.

ऑनलाइन बघितलं तर १०×५०, १५×७०, २०×८० आणि १०-३०×६० झूम असं सगळंच दिसतंय. आकडा मोठा तेवढी दुर्बीण चांगली, असं धरायचं का? मोबाइलचा ट्रायपॉड घरात आहे, तो चालेल का? दुर्बिणीशिवाय अजून काय लागतं? आणि शनीची कडी दिसतील का, हा मुलीचा प्रश्न.

बालाघाट_रात्र

शेवटचा प्रश्न आधी, म्हणजे मुलीचा हिरमोड नंतर नको. १० पटीत शनी ताऱ्यासारखाच दिसतो. कडी वेगळी कळायला साधारण २५ पट तरी लागतात, आणि तेही हलता हात नसेल तर. गुरूचे चार चंद्र मात्र दुर्बीण टेकवून धरली की १० पटीतही दिसतात, आणि रोज जागा बदललेले दिसतात.

आता आकडे. पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ७×५० मध्ये ७.१ मिमी, १०×५० मध्ये ५, ८×४२ मध्ये ५.२५, १५×७० मध्ये ४.७. विशीत अंधारात बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीला पाचाच्या आसपास राहते. म्हणजे तुमच्या डोळ्याला ७×५० चा बराचसा प्रकाश बुबुळावर सांडून वाया. शिवाय शहरातून बघताना मोठ्या एक्झिट प्युपिलमध्ये आकाशाची पार्श्वभूमीच राखाडी होते. १० पटीत ती काळवंडते आणि बारीक तारे उठून दिसतात.

१५×७० मध्ये १०×५० च्या जवळजवळ दुप्पट प्रकाश येतो, हे खरं. पण हाताचा कंपही १५ पट होतो आणि वजन दीड किलोच्या घरात जातं. स्टँडशिवाय ती घेऊ नका. २०×८० तर दोन किलोच्या वर. पहिली दुर्बीण म्हणून तिचा विचारच सोडा.

झूमवाली अजिबात नको. कमी पटीवर तिचं दृश्यक्षेत्र नळीतून बघितल्यासारखं अरुंद असतं. ३० पटीवर एक्झिट प्युपिल २ मिमी, म्हणजे अंधूक. आणि दोन्ही बाजूंची झूमची यंत्रणा तंतोतंत जोडीनं सरकत नाही, म्हणून एक डोळा २८ पट बघतो तर दुसरा ३०. "३०×६०" छापलेल्या खिशात मावणाऱ्या घडीच्या दुर्बिणी दिसतील, त्यांच्या भिंगाला पट्टी लावून बघा. ६० मिमी म्हणजे सहा सेंटिमीटर, ते खिशात कसं मावणार?

माझं मत: १०×५०, पोरो प्रिझमची, म्हणजे जुन्या पद्धतीची, खांदे बाहेर आलेली. त्याच पैशात रूफ प्रिझमपेक्षा (सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा) पोरोत प्रतिमा बहुधा सरस मिळते. निकॉनची ॲक्युलॉन १०×५० या वर्गात सहज मिळणारी आहे, दृश्यक्षेत्र ६.५ अंश. काही कंपन्या अंश लिहीत नाहीत, "११४ मी / १००० मी" असं लिहितात. त्याला १७.५ नं भागा, अंश येतात.

दुकानात या तीन गोष्टी तपासा:

भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळं दिसलं तर मल्टिकोटिंग आहे. पांढरंफेक दिसलं तर त्या भिंगाला कोटिंग नाही. लालभडक "रुबी" भिंग असेल तर ठेवा खाली. ते लाल प्रकाश परतवून लावतं आणि चित्र निळसर, मंद होतं.

दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं रोखा आणि मागच्या भिंगातली उजेडाची टिकली बघा. पूर्ण गोल आणि सगळीकडं सारखी असेल तर प्रिझम बॅक-४ काचेचं. कडा कापल्यासारखी, चौकोनी राखाडी दिसली तर बीके-७, कडेचा प्रकाश अडतोय.

मागच्या भिंगापासून वीतभर अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरा, फोकस लांबवर लावलेला ठेवा, पुढच्या भिंगाला लागून कागद धरा. कागदावरच्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मोजा. ५० च्या दुर्बिणीत तो ४४ भरला तर आतल्या आत भिंग झाकलंय, आणि पैसे मात्र ५० चे घेतायत.

आणि एक, हे मुलीसमोर सांगा: सूर्याकडं कधीच नाही. गच्चीवर दुर्बीण उघडी ठेवून खाली जायचं नाही.

नरतुरंग_४७

बालाघाटजींचं बाकी सगळं मान्य, पण त्यांनी तुमचा चष्मा नजरेआड केला. सगळी निवड तिथंच फिरते.

साधा −२.५ असता तर चष्मा काढून ठेवा म्हटलं असतं. तेवढा नंबर फोकसच्या चाकानं भरून निघतो. सिलिंडर निघत नाही. चष्मा काढून बघितलंत तर उजव्या डोळ्याला तारे बारीक रेघेसारखे दिसतील. खात्री करायची तर बघता बघता डोकं एका बाजूला कलतं करा. रेघही डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. एक्झिट प्युपिल ५ मिमीची असताना बाहुलीचा मोठा भाग वापरला जातो, म्हणून दिवसा न जाणवणारा सिलिंडर रात्री जाणवतो.

म्हणजे तुम्ही चष्म्यासकट बघणार. मग आय रिलीफ बघा, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. चष्म्याला किमान १५ मिमी हवं, १७-१८ असेल तर निवांत. वर सुचवलेल्या ॲक्युलॉन १०×५० चं ते १२ च्या जरासं आतच आहे. बिनचष्म्याच्या माणसाला ती छान, पण तुम्हाला दृश्याची कडा कापलेली दिसेल, ६.५ अंशांचे पैसे देऊन चार-साडेचार अंश बघाल.

तुमच्यापुढं दोन वाटा. १५ च्या वर आय रिलीफ असलेली १०×५० शोधा, किंवा रूफ प्रिझमची ८×४२ घ्या. ८×४२ मध्ये १७ मिमी सहज मिळतं, वजन साडेसहाशे-सातशे ग्रॅम, म्हणजे मुलीच्या हातात पेलेल. ५० चं भिंग ४२ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त प्रकाश घेतं, तेवढं गमवाल. रूफ घेताना "फेज कोटिंग" लिहिलंय का आणि नायट्रोजन भरून सीलबंद आहे का ते बघा. फेज कोटिंग नसलेली स्वस्त रूफ जरा मऊ, धूसर चित्र देते.

मुलीसाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर बघा. बहुतेक दुर्बिणी ५६ मिमीपर्यंतच मिटतात. सातवीतल्या मुलीचं अंतर त्याच्या काठावर असू शकतं. दुकानात तिला घेऊन जा. पूर्ण मिटवूनही तिला दोन वर्तुळं वेगळी दिसली तर ती दुर्बीण तिच्यासाठी नाही.

डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारं कडं, लावायची रीत, कारण निम्मे लोक ते कधीच फिरवत नाहीत:

बिजागरी हलवून दोन वर्तुळांचं एक करा. चष्मा घालणाऱ्यानं रबरी आयकप दुमडायचे (फिरवायचे असतील तर आत घालायचे), बिनचष्म्याच्यानं बाहेर काढायचे. उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर झाकण घाला. डोळा मिटून भागत नाही, एक डोळा मिटला की दुसरा आपोआप आकसतो. मधल्या चाकानं डाव्या डोळ्यासाठी एखादा मध्यम तारा टाचणीच्या टोकासारखा करा. आता झाकण डाव्या नळीवर. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसचं (मागच्या भिंगाचं) कडं फिरवा. थोडं पुढं जाऊन परत मागं या, म्हणजे नेमकी जागा सापडते. तिथं नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. तुमचा एका रंगाचा, मुलीचा दुसऱ्या. अंधारात अदलाबदल करताना रोजची पाच मिनिटं वाचतात.

तिकांडं

वरच्या दोघांनी काच सांगितली, मी लाकूड-लोखंड सांगतो. दुर्बीण कुठली का असंना, टेकवली नाही तर पैसे पाण्यात.

मोबाइलचा ट्रायपॉड विसरा. त्याच्या काड्या किलोभराच्या दुर्बिणीखाली वाऱ्यात डुलतात. घ्यायचा तर तीन किलो पेलणारा, हँडलवाल्या पॅन हेडचा घ्या. बॉल हेड नको, ढिलं केलं की दुर्बीण नाकावर येते. पाय उघडताना आधी जाड नळ्या. मधला दांडा शक्यतो वर काढू नका, सगळी थरथर तिथंच होते. खाली हुक असेल तर पाण्याचा कॅन लटकवा.

दुर्बीण ट्रायपॉडला जोडायला एल आकाराची कांब मिळते. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला, दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीवर गोल टोपण असतं, ते उलटं फिरवलं की आत पाव इंची आटे दिसतात. त्यात ही कांब बसते. प्लास्टिकची घेऊ नका, लवते. हात लावला की तारा तीन-चार सेकंद नाचत राहतो. आणि घ्यायच्या आधी आटे आहेत का बघा, बऱ्याच लहान ८×४२ ला नसतात.

पण खरं सांगू का, ट्रायपॉड उपयोगी कुठवर, तर अर्ध्या आकाशापर्यंत. त्याच्यावर तारा गेला की मान मोडायची पाळी येते, कामून म्हणाल तर दुर्बीण वर वळली की डोळा लावायची जागा खाली जाते आणि आपण मागं वाकायलो. तिथं शेतातली बाज कामाला येते. बाजेवर उताणं पडा, डोक्याखाली दोन उशा, कोपरं बरगड्यांवर टेकवा. दुर्बीण मागून नाही, पुढच्या भिंगाच्या अंगाला धरा. १० पट एकदम ठाण मांडून राहते. पाय दक्षिणेकडं करा. घरातली म्हातारी माणसं ओरडतील, पण तिथं झोपायचं नाही, बघायचंय.

गच्चीवर असाल तर कठड्यावर कोपरं टेकवा. एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडतो, तारे हललेले दिसतात. ८-१० पटीत फारसं अडत नाही. हायमास्टचं मात्र करा काहीतरी: पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, नाहीतर डोक्यावरून काळी चादर घ्या. हसायचं कारण नाही, लई फरक पडतो.

टॉर्चला लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर रबरानं बांधा. डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲप मेसेजनं ते सगळं वाया जातं. स्टेलॅरियम (ताऱ्यांचा नकाशा दाखवणारं ॲप) वापरायचं तर रात्रीचा लाल मोड, ब्राइटनेस तळाला. बांधावरून मोटरसायकल आली तर एक डोळा गच्च मिटून घ्या, तेवढा तरी शिल्लक राहतो.

औसारोड_गच्ची

सगळ्यांचे आभार. आय रिलीफ १७ मिमीची एक १०×५० मिळाली, घेतली, परत करायची मुदत सात दिवस आहे. काच, टिकली, टॉर्च या तिन्ही परीक्षांत पास. पण दोन तक्रारी. एक, डोळे सैल सोडले की तेजस्वी तारा एकावर एक असा दोन दिसतो. जोर लावला की एक होतो, मग दहा मिनिटांत कपाळ दुखतं. दुसरी, कडेला गेलेले तारे चिमणीच्या पंखांसारखे पसरतात. चष्म्यामुळं का?

बालाघाट_रात्र

दुसरी तक्रार सोडून द्या. या किमतीत बाहेरचा चौथाई भाग असाच असतो. तारा मध्ये आणा.

पहिली सोडू नका, ते कोलिमेशन आहे. दोन नळ्या एकाच दिशेला बघत नाहीयेत. आडवा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, पण वर-खालचा नाही. डोळ्यांना एक वर, एक खाली वळायची सवयच नसते, म्हणून कपाळ चढतं. प्रवासात आपटली की प्रिझम जागचं हलतं, बहुधा तेच झालंय.

खात्री अशी करा. दुर्बीण ट्रायपॉडवर बसवा, दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरची आडवी पट्टी किंवा विजेची तार मध्ये धरा, आणि डोळे १५-२० सेंटिमीटर मागं घ्या. डाव्या वर्तुळातली रेघ उजव्यात सरळ पुढं चालू राहिली पाहिजे. पायरी पडली तर नळ्या वर-खाली आहेत. रात्रीची परीक्षा: तारा डाव्या नळीत टोकदार ठेवा, उजव्या बाजूचं डायॉप्टर पूर्ण फिरवून तिथं त्याचा पसरट गोळा करा. टोकदार तारा गोळ्याच्या आत पडला तर ठीक, बाहेर वर किंवा खाली पडला तर नाही. चष्म्याचा संबंध आहे का हे बघायला तुमच्या मुलीलाच बघू द्या.

रबराखाली प्रिझमचे बारीक स्क्रू असतात आणि ते कसे फिरवायचे याचे व्हिडिओही सापडतील. नव्या दुर्बिणीला हात लावू नका, परतीचा हक्क जातो. शिवाय बिजागरीच्या एका जागेला जुळवलेलं मुलीनं मिटवली की परत बिघडतं. बदलून घ्या.

औसारोड_गच्ची

मुलीलाही दोनच दिसतात. टॉवरच्या पट्टीला चांगली पायरी आहे. परत पाठवतोय. तोवर, आधी काय बघायचं?

नरतुरंग_४७

आधी तिथी. कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, शुक्ल चतुर्थीपर्यंत साडेनऊ-दहाच्या आत मावळतो. मधले बारा दिवस शेतातले. खुद्द चंद्र बघायचा तर शुक्ल पंचमी ते दशमी, गच्चीवरून. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट थाळी.

थंडीत सुरुवात कृत्तिकांपासून करा. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात मोजता येतात, दुर्बिणीत पन्नासच्या वर. मग मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली (वरच्या मित्राचं नावच ते) लोंबणाऱ्या ताऱ्यांमधला धुरकट तेजोमेघ. देवयानी दीर्घिका लंबुळका डाग दिसते, रंगीत फोटोसारखी नाही, हे मुलीला आधीच सांगा. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती फोकस तपासायला उत्तम.

पण आपल्या अक्षांशाचा हुकमी एक्का दक्षिणेला आहे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ लंडनमधून क्षितिजावर येतच नाही. लातूरहून तो २४ अंशांवर चढतो. शोधायला सोपा: चित्रा तारा दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे सगळ्यात उंच असेल तेव्हा तिच्या सरळ खाली. मेच्या मध्याला ती वेळ रात्री सव्वादहाच्या सुमारास येते. हात ताठ लांबवला की मूठ साधारण १० अंश भरते. चित्रापासून साडेतीन मुठी खाली या आणि दुर्बीण लावा. तारे सुटे दिसणार नाहीत. फोकस गेलेल्या जाड ताऱ्यासारखा गोल, मऊ गोळा दिसेल, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा. उन्हाळ्यात इतक्या खाली धुळीचा थर असतो. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या रात्री हवा धुतल्यासारखी होते, ती रात्र सोडू नका.

म्हणूनच औशाच्या पुढची जागा मोक्याची. लातूरचा उजेड पाठीमागं उत्तरेला राहतो. रेणापूरच्या बाजूला गेलात तर तोच उजेड नेमका दक्षिणेला, ओमेगाच्या पायथ्याशी येईल.

तिकांडं

नवी येईपर्यंत जपणुकीचं ऐकून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ओल्या हरभऱ्याजवळ किंवा कालव्याकाठी बसू नका, दव धरतं. माळावर, जरा उंचावर बसा. भिंगावर दव आलंच तर पुसू नका, झाकण घालून घोंगडीत घ्या. तोंडावर मफलर बांधला असेल तर श्वास वरून निघून आयपीसवर बसतो, नाक मोकळं ठेवा. घरी आल्यावर गार दुर्बीण लगेच उघडू नका, अर्धा-पाऊण तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर खोलीतली दमट हवा काचेवर पाणी धरते.

काळ्या मातीची धूळ कोरड्या उपरण्यानं पुसली की काच ओरखडली म्हणून समजा. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सच्या कागदावर लिक्विडचे दोन थेंब घेऊन मधून बाहेर गोल गोल. थेंब कागदावर टाकायचे, काचेवर नाही. काचेवरून ते कडेनं आत उतरतात. पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी पडले की जुन्या पत्र्याच्या डब्यात मंद आचेवर तापवा, परत निळे होतात. पोळ्यांचा तवा घेऊ नका, निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

औसारोड_गच्ची

मुलगी विचारतेय, साडेतीन मुठी कुणाच्या, बाबांच्या की तिच्या?

नरतुरंग_४७

ज्याच्या त्याच्या. तिची मूठ लहान तसा हातही आखूड, कोन तेवढाच भरतो. फक्त कोपर ताठ ठेवायला सांगा, वाकवलं की चौदा-पंधरा अंशांची मूठ होते आणि ती पार क्षितिजाजवळ पोचेल.